भांड्याएवढीच पंगत
गावातल्या सामूहिक अन्नकेंद्राविषयी वाचकांचे प्रश्न

गावात एकत्र स्वयंपाक करून वृद्ध, एकटे राहणारे आणि अडचणीतले लोक यांना जेवण देणारं केंद्र कसं चालवावं, यावर आलेल्या बहुतेक पत्रांत पैशाचा प्रश्न सर्वांत आधी आहे आणि तापमानाचा जवळजवळ कुठेच नाही. उत्तरांत हा क्रम मुद्दाम उलटा केला आहे.

प्रश्न : आम्ही बारा जण तयार आहोत. आठवड्यातून तीन दिवस, शंभर माणसांना दुपारचं जेवण द्यायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

आकडा कमी करण्यापासून. आठवड्यातून एक दिवस, चाळीस माणसं. चाळीस ताटांच्या दिवसाला आठ जण लागतात : चुलीपाशी दोघं, निवडण्या-चिरण्याला दोघं, वाढायला दोघं, भांड्यांना एक आणि नोंदवहीला एक. उरलेले चार म्हणजे कुणाचं आजारपण, कुणाच्या घरचं कार्य, कुणाच्या मुलाची परीक्षा. शंभर ताटांना एका दिवसासाठी पंधरा तरी हात हवेत. तुमच्याकडे मुळात बारा आहेत. शिवाय तिसऱ्या महिन्यात यातले सहा-सात उरतील असं धरून चाला. शेतीची कामं अंगावर आली की स्वयंसेवक आटतात, आणि मागचं पीक संपून नवं हाती यायच्या आधीचे आठवडेच अनेक घरांत सर्वांत ओढाताणीचे असतात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच माणसं कमी पडतात. तीन दिवस जाहीर करून दोनदा बंद ठेवण्यापेक्षा एक दिवस नेमाने चाललेला बरा, कारण त्या जेवणाच्या भरवशावर कुणीतरी घरी चूल पेटवलेली नसते.

संख्या ठरवण्यासाठी सभा घेऊन ‘कुणाला गरज आहे?’ असं विचारू नका, हात वर होणार नाहीत. दोघादोघांनी घरोघरी जा. ‘गेल्या आठवड्यात घरात कुणाचं एखादं जेवण चुकलं का?’ या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात. ‘तुम्हाला मदत हवी का?’ याला देत नाहीत. त्यासोबत तीन गोष्टी लिहून घ्या : एकटं कोण राहतं, केंद्रापर्यंत चालत कोण येऊ शकतं, आणि चावायला-गिळायला कुणाला त्रास होतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कागदावर यावी : ‘हे अन्न आज वाढायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणाला. ती व्यक्ती एकच असावी, आणि तिच्या निर्णयावर त्या दिवशी वाद घालायचा नाही. वाद दुसऱ्या दिवशी घाला.

प्रश्न : साठ माणसांचा शिधा नेमका किती काढायचा? घरच्या प्रमाणाला पंधराने गुणलं, तर भात खाली करपला, वर कच्चा राहिला आणि डाळ पाणीदार झाली.

गुणाकार माणसांचा करायचा, भांड्याचा नाही. आधी साठांची फोड करा. समजा ३५ मोठी माणसं, १० वृद्ध आणि १५ लहान मुलं आहेत. कोरडा तांदूळ अनुक्रमे १००, ७० आणि ६० ग्रॅम धरला तर ३५०० + ७०० + ९०० म्हणजे ५.१ किलो होतो. डाळ किंवा कडधान्य ४०, ३५ आणि ३० ग्रॅमने २.२ किलो. भाजी चिरून तयार झालेली ८ किलो. आणताना १० किलो आणा, पालेभाजी असेल तर त्याहून थोडी जास्त, कारण देठ आणि पिवळी पानं जातात. तेल माणशी १० मिलिलिटरने ६०० मिलिलिटर. मीठ सगळे पदार्थ मिळून १२० ग्रॅमच्या आत. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमचं एक जेवण त्यातले दोन ग्रॅम घेतं. आधी ९० ग्रॅम घाला, चव पाहा, मगच पुढे जा. ही प्रमाणं सुरुवातीची आहेत. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांची वस्ती असेल तर तांदूळ वाढवावा लागेल.

आता भांडं. पाच किलो तांदूळ एका पातेल्यात शिजवला की खालचा थर वरच्या भाराखाली दबतो, उष्णता वरपर्यंत पोचत नाही आणि ढवळलं की त्याचा लगदा होतो. पंधरा-पंधरा लिटरची दोन पातेली घ्या आणि कुठलंही दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. पाणी पटीत वाढत नाही, कारण वाफ होऊन उडणारं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असतं. तांदूळ पंधरापट झाला तरी उडणारं पाणी तेवढं वाढत नाही. तुमची डाळ पाणीदार झाली ती यामुळे. हिशेबातल्या पाण्याचा पाचवा भाग बाजूला गरम करून ठेवा आणि लागेल तसा घाला. तिखट आणि मसालेही आधी पाऊणपट घालावेत. मोठ्या भांड्यात जास्त वेळ मुरतात, त्यामुळे त्यांचा जोर मागाहून कळतो.

डाव तोलून घ्या. शिजलेल्या भाताचा एक डाव १५० ग्रॅम की २५०, हे माहीत नसेल तर वरचं सगळं गणित वाढप्याच्या मनगटावर जातं. पाच किलो तांदळाचा भात साधारण तेरा ते पंधरा किलो होतो. त्याला डावाच्या वजनाने भागलं की शेवटच्या माणसापर्यंत भात पुरेल की नाही, ते वाढायला सुरुवात करण्याआधीच कळतं.

जेवणं झाली की दोन वजनं वेगळी लिहा : पातेल्यात उरलेलं आणि ताटांत टाकलेलं. पातेल्यात उरलं तर माणसांचा अंदाज चुकला. ताटात उरलं तर पदार्थ चुकला किंवा एका वेळी जास्त वाढलं. दोन्ही एकाच बादलीत गेलं तर काय दुरुस्त करायचं हे कधीच कळत नाही.

प्रश्न : रात्री केलेला भात आणि डाळ पातेल्यातच झाकून ठेवली. सकाळी डाळीला उकळी आणली, भाताला वाफ दिली आणि वाढलं. दोन-तीन तासांत सात जणांना उलट्या झाल्या. वास, चव सगळं ठीक होतं. उकळल्यावर जंतू मरतात ना?

जंतू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेलं विष मरत नाही. जेवल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या आणि जेवणात रात्रीचा भात, यावरून पहिला संशय बॅसिलस सिरियस या जंतूवर जातो. त्याचे बीजाणू तांदळासोबत मातीतून येतात आणि शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. वास आणि चव यांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून चाखून पाहणं ही तपासणी नव्हे.

डाळ, कडधान्य, मांस यांच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या दुसऱ्या जंतूची गाठ पडते. तो हवेविना वाढतो आणि पातेल्याच्या पोटात हवा नसतेच. पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास, सगळं अनुकूल असेल तर, तो सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत चार हजारपट. याचा त्रास बहुधा आठ ते बारा तासांनी पोटदुखी आणि जुलाबाच्या रूपात दिसतो. नीट उकळलं तर हा मरतो, पण मोठ्या पातेल्यात कडेला बुडबुडे आले म्हणजे मध्यभाग उकळला असं नाही.

मूळ चूक झाकून ठेवण्याची नाही, पातेल्यातच ठेवण्याची आहे. घरचं छोटं भांडं तासाभरात निवतं. वीस लिटरच्या पातेल्याचा गाभा रात्रभर कोमट राहतो. नियम असा : साठ अंशांवरून एकवीस अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून पाच अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा जास्त धोक्याचा, म्हणून तो छोटा. हे साधायचं तर अन्न पसरट ताटांत पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीने ओता, ताटं एकमेकांवर रचू नका, डाळीचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा आणि वाफ जाईपर्यंत घट्ट झाकण लावू नका. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर ते तर निवत नाहीच, शेजारचं दूधही कोमट होतं.

फ्रिज आणि बर्फ नसेल तर नियम एका ओळीचा आहे : त्याच दिवशी शिजवा, त्याच वेळी वाढा, उरलेलं दुसऱ्या दिवसाच्या पानात नाही. वाढेपर्यंत अन्न साठ अंशांच्या वर हवं. खाली गेलं की दोन तास मोजायला सुरुवात. पुन्हा गरम करायचंच झालं तर एकदाच, आणि मध्यभागी पंचाहत्तर अंश दिसेपर्यंत.

यासाठी टोचून मोजायचा थर्मामीटर घ्या. नव्या पातेल्याच्या आधी घ्या. तो खरं सांगतो का, हे पाहायला ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात टोक बुडवा; शून्य दिसलं पाहिजे. एका पदार्थातून दुसऱ्यात घालताना टोक धुऊन पुसायचं.

जेवणानंतर दोन किंवा अधिक जणांना सारखाच त्रास झाला तर वाढणं लगेच थांबवा, उरलेलं फेकू नका, बांधून थंड जागी वेगळं ठेवा, आणि कुणी काय किती वाजता खाल्लं ते लिहून आरोग्य केंद्राला कळवा. फ्रिज असलेल्या केंद्रांनी रोजच्या प्रत्येक पदार्थाचा शंभर-दीडशे ग्रॅमचा नमुना स्वच्छ डबीत, तारीख-वेळ घालून तीन दिवस ठेवावा. बोभाटा होईल या भीतीने प्रकरण झाकणारं केंद्र गावाचा विश्वास गमावतं आणि तो पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : सरपण वाचवण्यासाठी राजमा मंद आचेवर पाच-सहा तास ठेवतो. चालेल का?

आधी उकळला नसेल तर अजिबात नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं एक विष असतं. मंद, न उकळणाऱ्या आचेवर ते नष्ट होत नाही. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. चार-पाच दाणेही पुरतात, आणि एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात खळखळून उकळा. दहा मिनिटं ही किमान मर्यादा आहे. मोठ्या भांड्यात अर्धा तास धरा. मग आच कमी करून किंवा भांडं जाड गुंडाळून सरपण खुशाल वाचवा.

प्रश्न : चालता न येणाऱ्या चौदा जणांना डबे पोचवतो. शेवटच्या घरी अन्न थंडगार होतं. उपाय?

डबा रिकामा असतानाच गरम करा. उकळतं पाणी भरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, ओता आणि लगेच ऐंशी अंशांच्या वरचं अन्न काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा फार लवकर निवतो. डबे एकमेकांना चिकटून एका झाकणाच्या पेटीत, भोवती जाड कापड. मग एक जादा डबा घेऊन पूर्ण फेरी मारा आणि शेवटच्या घरी त्याचं तापमान मोजा. साठच्या खाली असेल तर फेरीचे दोन भाग करा. जोरात सायकल मारल्याने हा प्रश्न सुटत नाही. डबा दारात ठेवून जायचं नाही. हातात द्यायचा आणि लगेच जेवायला सांगायचं. रात्रीसाठी अर्धा राखून ठेवण्याची सवय वृद्धांत असतेच, म्हणून त्यांना एका वेळचंच द्या.

डब्याच्या झाकणावर खूण करा. गिळायला त्रास असलेल्यांसाठी अन्न मऊ हवं, पण पातळ नाही. पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाण्याची शक्यता जास्त. किती घट्ट हवं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी डबा उशिरा पोचणार असेल तर निघण्याआधी फोन करा. जेवणाच्या भरवशावर इंजेक्शन घेतलं आणि डबा तासभर लांबला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

दार उघडलं नाही तर काय, हे आधी ठरलेलं असावं : शेजारी कोण, किल्ली कुणाकडे, फोन कुणाला. एकट्या माणसाच्या घरी ठरलेल्या वेळी जाणारी तुम्हीच कदाचित एकमेव व्यक्ती असाल.

प्रश्न : लोक श्रद्धेने धान्य, भाज्या, घरी भरलेल्या बरण्या आणून देतात. नाही कसं म्हणायचं?

तोंडाने नाही, पाटीने. काय घेतो आणि काय घेत नाही याची यादी दारावर लावा, म्हणजे नकार माणसाला न जाता वस्तूला जातो.

घरी हवाबंद केलेल्या भाज्या आणि मांस नको. आंबटपणा कमी असलेल्या हवाबंद अन्नात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं. फुगलेले, गळके किंवा सांध्यावर चेपलेले डबे नकोत. बुरशी लागलेलं धान्य आणि शेंगदाणे नकोत; त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धुऊन, भाजून, शिजवून पुरतं जात नाही, आणि निवडून काढलं तरी न दिसणारं उरतंच. हिरवे पडलेले बटाटे बाजूला काढा. भाजी देणाऱ्या शेतकऱ्याला एकच प्रश्न : शेवटची फवारणी कधी? औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस झाले नसतील तर भाजी कितीही ताजी असली तरी परत.

पेरणीचं बियाणं मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. रंग लावलेलं, औषध चोळलेलं बी धुतल्यावर रंग जातो, विष जात नाही. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं औषध लावलेलं गव्हाचं बियाणं दळून लोकांनी खाल्लं. अधिकृत नोंदीप्रमाणे ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले आणि ४५९ दगावले. पेरणीच्या पिशवीतलं उरलेलं धान्य ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून दान होऊ शकतं, त्यामुळे सुटं धान्य पसरून पाहिल्याशिवाय कोठीत घेऊ नका.

कोठीत पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटी ठेवा. नवं मागे, जुनं पुढे. पोत्यावर आल्याची तारीख ठळक लिहा.

प्रश्न : केंद्रात विहिरीचं पाणी वापरतो. किती काळजी घ्यावी?

पिण्याचं आणि न शिजणाऱ्या पदार्थांचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरच्या वरच्या गावांत तीन मिनिटं. किंवा सुगंध नसलेलं पाच-सहा टक्के क्लोरीनचं ब्लीच लिटरला दोन थेंब घाला, ढवळा, अर्धा तास थांबा. वास अगदी हलका यायला हवा. गढूळ पाणी आधी गाळून निवळू द्या आणि मग चार थेंब घाला. वर्षाहून जुनं ब्लीच नको, त्याची ताकद गेलेली असते.

पाण्याइतकेच हात महत्त्वाचे. साबणाने वीस सेकंद, शौचालयानंतर आणि कच्च्या मांस-अंड्यांनंतर तर हमखास. जुलाब-उलट्या झालेल्या स्वयंसेवकाने त्रास थांबल्यावरही पूर्ण ४८ तास स्वयंपाकघरात यायचं नाही, वाढायलाही नाही. अशा माणसाला नोंदवहीचं काम देऊन बसवणंही टाळा.

प्रश्न : ज्यांच्यासाठी सुरू केलं ते येत नाहीत, खाऊनपिऊन सुखी असलेले येतात.

त्यांना येऊ द्या. सगळे येतात तिथेच गरजू येतो. दारात यादी तपासली की तो पहिला परत फिरतो. पैशांची पेटी आडोशाला ठेवा, म्हणजे कुणी टाकले आणि कुणी नाही हे दिसणार नाही. बसून जेवायचा संकोच असणाऱ्यांना डबा भरून न्यायची सोय ठेवा, आणि जमेल त्याला एखादं काम सांगा. शेंगा सोलणारा माणूस घेणारा राहत नाही. ताट हातात घेतलेल्यांचे फोटो काढू नका. देणगीदारांना फोटो हवेच असतील तर भरलेल्या पातेल्याचे पाठवा.

प्रश्न : हिशेब कसा ठेवावा? आमचा मुख्य आचारी उत्तम आहे, पण त्याच्याशिवाय पान हलत नाही, आणि हे तो बोलूनही दाखवतो.

हिशेबासाठी तीन माणसं वेगळी हवीत : खरेदी करणारा, कोठीत तोलून घेणारा आणि पैसे देणारा. खर्च ताटामागे काढा आणि त्यात सरपण, वाहतूक, साबण, भांड्यांची डागडुजी धरा; नुसत्या शिध्यावर काढलेला खर्च नेहमी स्वस्त दिसतो आणि सहाव्या महिन्यात दगा देतो. कोठीची वही सोपी आहे : शिल्लक अधिक आवक, वजा वापर. आठवड्यातून एकदा न सांगता कुठलीही एक वस्तू प्रत्यक्ष तोला आणि वहीशी ताडून पाहा. फरक निघाला तर आधी गळकं पोतं, उंदीर आणि चुकीचा काटा तपासा, माणूस नंतर. तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर दुसरा दिवस वाढवू नका.

आचाऱ्याचं भांडण अहंकाराचं दिसतं, पण मूळ अडचण ही की प्रमाणं त्याच्या डोक्यात आहेत. प्रत्येक पदार्थाचं कार्ड करा : कोरडं वजन, पाणी, कोणतं पातेलं, किती वेळ, शेवटचं तापमान. तो शिजवत असताना दुसऱ्याने तोलून लिहायचं. त्याला लिहायला लावलं तर ‘अंदाजाने’ हाच शब्द येईल. मग दर चौथ्या पाळीला दुसऱ्याने कार्ड पाहून रांधायचं. मुख्य आचारी त्या दिवशी केंद्रात असावा, चव पाहावी, चुका सांगाव्यात, पण झारा त्याच्या हाती नसावा.